पोईपकर मॅडमचे तीन प्रश्न

मुलाखतीला जाताना मी काय काय घोकून गेले होते! जाळ्यांचं गणित, कॉलेजातला प्रोजेक्ट, शिवाय "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता" याचं एक गुळगुळीत उत्तर. टेबलापलीकडे बुटक्याशा, गोल चेहऱ्याच्या एक बाई बसल्या होत्या. साधी सुती साडी, आणि साडीखालून डोकावणारे पोपटी रंगाचे पळायचे बूट. त्यांनी माझा बायोडेटा उलटा ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तू खयची गो?"

"बोरिवलीची," मी म्हटलं.

"बोरिवली हा गाव नव्हे. बोरिवली हे स्टेशन. गाव सांग."

"वाईकडचं आहे मूळ. पण आम्ही कधी जात नाही, आजोबांपासून इथेच…"

"वाईकडे म्हणजे नदीच्या अल्याड की पल्याड?"

आता मला काय माहीत! मॅडम म्हणाल्या, विचार घरी. भर मुलाखतीत, त्यांच्यासमोर बसून, मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले पल्याड, आणि तू नोकरीसाठी गेलीयेस की जमीन विकायला? मी फोन ठेवला. मॅडम डोळे मिटून काहीतरी जुळवत होत्या.

"पल्याड. माझ्या चुलतभावाची धाकटी सून तिथली. माहेरची फडतरे. तुमच्यात कोणी फडतरे?"

"माझ्या आत्याचं सासर फडतऱ्यांचं."

टेबलावर अशी थाप बसली की पाण्याचा ग्लास उडाला. "झाला! नात्यातलीच निघालीस. सोमवारपासून ये."

म्हणजे माझी नोकरी आत्याच्या सासरच्यांनी लावली, आणि हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

डॉ. वसुधा पोईपकर. वडील गिरणीत, बालपण परळच्या चाळीत, पुढे मुलुंडला स्वतःचा फ्लॅट, लग्न केलं नाही. संख्याशास्त्र शिकल्या, मग जीवशास्त्रात घुसल्या. याच्यापुढे त्यांचं चरित्र मला माहीत नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यांना दुसऱ्यांचं जास्त आवडायचं. गाव कुठलं, वाडी कुठली, शेजारी कोण, हे त्यांचे तीन प्रश्न. त्यांचा दावा असा की कोकणातली कुठलीही म्हातारी या तीन प्रश्नांत समोरच्याशी नातं काढते, आणि नाही निघालं तर समोरचा खोटं बोलतोय.

हे फक्त मराठी माणसांपुरतं नव्हतं हो! रिक्षात बसल्या की सुरू. "भैया, गाँव कौनसा?" "जौनपूर." "जौनपूर तो जिला है. गाँव बोलो." एकदा ऑफिसच्या दारात रिक्षा थांबलीये, मीटर चालू आहे, मला मीटिंगला उशीर होतोय, आणि मॅडम रिक्षावाल्याच्या मेव्हण्यापर्यंत पोचल्यात. मी दात-ओठ खात उभी. शेवटी तो मेव्हणा मुलुंडला यांच्याच सोसायटीत रंगकाम करून गेलेला निघाला. रिक्षावाला इतका हरखला की मीटर बंद करायचं विसरला.

आता आमचं काम सांगते, म्हणजे या बाईला अशी सवय असणं किती सोयीचं होतं ते कळेल.

आमचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. खालच्या मजल्यावर बटणं बनवणारा कारखाना, दिवसभर टकटक टकटक. वर आम्ही, आजार कुठल्या जीनमुळे होतो ते शोधणारे. एखाद्या मुलाला जन्मजात दुखणं असतं. रक्त तपासलं की शे-दोनशे जीन संशयित निघतात, कारण प्रत्येकात काहीतरी बारीकसा बदल सापडतो. त्यातले बहुतेक बिचारे निष्पाप. खरा कोण? तर जीन प्रथिनं बनवतात, आणि प्रथिनं एकटी काम करत नाहीत, टोळक्याने करतात. कोणाची कोणाबरोबर ऊठबस आहे, याचं जगभरच्या लोकांनी मिळून एक भलंमोठं जाळं तयार केलंय. त्याच प्रकारच्या आजारातले आधी पकडले गेलेले जीन त्या जाळ्यावर खुणेने दाखवायचे आणि बघायचं, आपल्या संशयितांपैकी कोण त्यांच्या आसपास राहतो. जो जवळ राहतो त्याला रांगेत पुढे उभा करायचा.

"ह्यात नवीन काय?" मॅडम म्हणायच्या. "गाव कुठलं, वाडी कुठली, शेजारी कोण!"

जवळचा कोण हे ठरवायची पद्धतही त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावली. "खुणा केलेल्या घरांपासून एक वासरू सोडायचं. ते शेजारी जाईल, तिथून पुढच्या घरी, मधेच गोठ्याची आठवण झाली की परत येईल, पुन्हा निघेल. खूप वेळ भटकू दे. जिथे जास्त वेळा दिसतं, ते घर जवळचं." मी घोकून आलेलं अख्खं गणित त्या वासरात मावलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या भागाचं नाव खरोखर 'वासरू' होतं. परदेशातल्या एका पाहुण्याने ते वाचून विचारलं होतं, हे कुठल्या शास्त्रज्ञाचं नाव? जिग्नेशने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "होय सर, फार मोठे होते."

जिग्नेश म्हणजे आमच्या ऑफिसातला तिसरा, घाटकोपरचा गुजराती, माझ्यापेक्षा अस्सल मराठीत शिव्या देणारा. मॅडमनी त्याचंही नातं काढलं होतं. त्याचे आजोबा मॅडमच्या वडिलांच्या गिरणीसमोर चहा विकायचे, सबब तो पुतण्या.

ऑफिसातल्या काचेच्या भिंतीवर मॅडमनी मार्करने अख्खं गाव काढलं होतं. वरची वाडी म्हणजे स्नायूंचे जीन, देऊळवाडी म्हणजे मेंदूचे, आणि कोपऱ्यात समुद्राजवळ बंदरवाडी. ओळखदेख नसलेल्या जीनसमोर उभ्या राहून त्या खरंच विचारायच्या, "कोणाचो रे तू?" आणि उत्तराची वाट बघायच्या. खुशीत असल्या किंवा भडकल्या की मालवणी, एरवी तुमच्याआमच्यासारखं. टेबलाच्या खणात मालवणी खाज्याचा डबा. कोड चालला तर खाजं, नाही चालला तर "मरांदे गो, खा आधी" म्हणून पुन्हा खाजं. माझं वजन त्या वर्षी वाढलं ते उतरलेलं नाही.

या बाईंचा एकच दोष. ज्याच्या ओळखी फार, तो माणूस त्यांना फार आवडायचा. "ओळखी म्हणजे भांडवल गो!" आणि या आवडीने एकदा आमची अशी काही वाट लावली की बस.

ओवी पाच वर्षांची होती. आई सायली, घाटकोपरला राहायची, बँकेत नोकरीला. ओवीला सपाटीवर थोडं चालता यायचं, पण मग पाय गळायचे. पडायची. जिना अजिबात नाही. डॉक्टरांचं म्हणणं स्नायूंचा आजार, पण कुठला ते कळेना. जे माहीत होते ते सगळे जीन तपासून झाले, काही सापडलं नाही. असाच स्नायूंचा आजार असेल तर औषध नाही आणि पुढे बहुधा चाकाची खुर्ची, एवढं सायलीला सांगून झालं होतं. डॉ. लिमये नावाचे भले गृहस्थ तिला बघत होते. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून ओवीचे संशयित जीन आमच्याकडे पाठवले. ओवी चालेल की नाही, हे त्या रांगेत पहिला कोण येतो त्यावर येऊन ठेपलं होतं.

आम्ही वरच्या वाडीत खुणा केल्या, वासरू सोडलं. पहिला आला एक चांगला नावाजलेला जीन. सगळ्यांना माहीत, सगळ्यांशी ओळख. मॅडम खुर्चीतून उठून नाचल्या. नाचल्या म्हणजे पोपटी बुटांनी जागच्या जागी थयथयाट. जिग्नेशने टेबल बडवलं. मी लिमयांना फोन केला. लिमयांनी सायलीला सांगितलं की अजून नक्की नाही, पण बहुतेक नाव सापडलं. मग सायलीने मलाच फोन केला, म्हणाली, सोमवारी पेढे घेऊन येते. वर्षानुवर्षं "कारण माहीत नाही" ऐकलेल्या बाईला नुसत्या नावाचासुद्धा केवढा आनंद होतो, ते मी तेव्हा ऐकलं.

मधल्या रविवारी मी घरी बिरड्याची उसळ ओरपत बसले होते, तेवढ्यात मॅडमचा फोन.

"गौरी! अगो, मी चोर निघाले!"

झालं असं, की त्यांच्या सोसायटीची लिफ्ट जुनी, ओढायच्या जाळीची. कोणीतरी जाळी उघडी टाकून जायचं आणि लिफ्ट वर अडकून बसायची. सेक्रेटरी वैतागलेला. मॅडमनी ठरवलं, वासरू सोडू! कोण कोणाकडे चहाला जातं, कोणाची किल्ली कोणाकडे असते, असं सोसायटीचं जाळं काढलं. आधी रंगेहाथ सापडलेल्यांच्या घरांवर खुणा केल्या. वासरू भटकलं, आणि संशयितांत पहिलं नाव आलं वसुधा पोईपकर!

"अगो, मी तर जाळी दोनदा ओढून बघते!" त्या हसत होत्या, मी हसत होते, आई आतून विचारत होती काय झालं. "सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, सगळे चहाला माझ्याकडे, मग वासरू जातंय कुठे? कुठूनही सोडा, माझ्याच दारात! पाणी चोरणारा शोधला असता तरी मीच, गाडीला ओरखडा काढणारा शोधला असता तरी…"



"गौरी," त्या म्हणाल्या, आणि हसू पार गेलं होतं. "ओवीचा निकाल चुकलाय."



आता हे आम्हाला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की नावाजलेल्या जीनपासून सावध राहा. ज्याच्यावर लोकांनी जास्त अभ्यास केला, त्याच्या ओळखी जास्त सापडल्या, म्हणून तो कुठेही पुढे येतो. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये वजावट असते. आमच्यातही होती, पण मॅडमनी ती हलकी ठेवली होती. ओळखीच्या माणसाची ओळख कापायला त्यांचा हात धजला नव्हता.

सोमवारी सकाळी सायली पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. जिग्नेश पाणी आणायला म्हणून जो गेला तो आलाच नाही, पळपुटा. मी भिंतीला चिकटून उभी. मला वाटलं मॅडम गोड बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी सायलीचा हात हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "मुली, मी चुकले. तो जीन नाही. तो आमचा दाजीमामा आहे."

"कोण दाजीमामा?" सायलीने विचारलं.

"आमच्या गावी, पोईपला, दाजीमामा होते," मॅडम म्हणाल्या. "गावातल्या प्रत्येक लग्नाच्या प्रत्येक फोटोत ते असायचे. नवऱ्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून. मुलीकडचे समजायचे मुलाकडचे आहेत, मुलाकडचे समजायचे मुलीकडचे. पुढे पन्नास वर्षांनी कोणी ते फोटो बघितले, तर त्याला वाटेल हाच सगळ्यांचा नवरा. आमच्या यंत्राने तेच केलं. दाजीमामाला नवरा ठरवला."

सायलीला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. पेढ्यांचा बॉक्स तिच्या मांडीवर तसाच. मला इतकं वाईट वाटत होतं की मीच उठून तो बॉक्स उघडला आणि एक तिला दिला, एक मी खाल्ला. दुसरं काय करणार होते मी!

"मग आता?" तिने विचारलं.

"आता गाव सांग," मॅडम म्हणाल्या.

वेंगुर्ल्याकडची निघाली. दुसऱ्या प्रश्नातच नातं लागलं, कुठल्याशा आतेबहिणीच्या जावेकडून. आणि मग त्या दोघी जे बोलत सुटल्या! गजाली म्हणतात ना, तशा. मुलगी जन्मली तेव्हा रडायची कशी, दूध प्यायला दमायची का, खाताना काय, झोपताना काय. मी चहा मागवला, तोही संपला. बोलता बोलता सायली म्हणाली, "सकाळी बरी असते हो. संध्याकाळी मात्र पापण्यासुद्धा उचलत नाहीत तिला. अशी अर्धवट डोळ्यांनी बघते, आम्ही तिला शहाणी आजी म्हणतो."

मॅडमचा कप हातातच राहिला. "हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. पण त्यांची ओपीडी सकाळची. सकाळी ती टुकटुक बघते. मग मलाच वाटायला लागलं की मी उगाच काहीतरी काढते."

ती गेल्यावर मॅडमनी आम्हाला कामाला लावलं, पळपुट्या जिग्नेशसकट. खाज्याच्या डब्यात जीनच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटून मूठभर काढा. हा झाला एक खोटा आजार. याच जीनवर खुणा करा, सोडा वासरू."

पहिला आला तोच नावाजलेला.

पुन्हा मूठभर. दुसरा खोटा आजार. जगात असा आजार कोणाला झालेला नाही, होणारही नाही. पहिल्या तिघांत तोच.

"दाजीमामा आले!" जिग्नेश ओरडला. पुढे आम्हाला त्याचं वेडच लागलं. मी चिठ्ठ्या काढायचे, जिग्नेश वासरू सोडायचा, मॅडम अक्षता टाकल्यासारखा हात उडवायच्या आणि दाजीमामा हजर! हसून हसून पोटात गोळे आले. खालचा बटणवाला वर येऊन विचारून गेला, कोणाचं लग्न ठरलं का?

मग तेच काम कॉम्प्युटरला सांगितलं. हजारो खोटे आजार बनव आणि प्रत्येक जीनला विचार, बाबा रे, तू खोट्या लग्नांतही एवढाच पुढे असतोस का? जो कुठेही पुढे असतो त्याला मागे ढकल. जो फक्त आपल्याच लग्नात पुढे येतोय, तो आपला माणूस. या खेपेला मॅडमनी खुणा फक्त वरच्या वाडीत नाही केल्या. पापण्यांचं ऐकल्यापासून त्या काचेवरच्या बंदरवाडीकडे बघत होत्या. तिथेही केल्या.

दाजीमामा गडगडत खाली गेले. पहिला आला एक असा जीन, ज्याचं नाव आम्ही तिघांनीही ऐकलेलं नव्हतं. ओळखी जेमतेम चार घरांशी. आणि चारही घरं बंदरवाडीतली!

"कोणाचो रे तू?" मॅडम काचेपाशी जाऊन पुटपुटल्या, आणि या खेपेला त्यांना उत्तर मिळालं होतं. मला आणि जिग्नेशला त्यांनी खाडीकाठच्या माणसासारखं समजावलं. मज्जातंतू म्हणजे एक काठ, स्नायू म्हणजे दुसरा. मधे होडी, आणि बंदरवाडी म्हणजे ती होडी चालवणारे जीन. निरोप होडीने पलीकडे जातो तेव्हा पाय हलतो. आपण सगळे स्नायूला धरून बसलो होतो. स्नायू धडधाकट, मज्जातंतू धडधाकट, होडी अशक्त. सकाळी ताज्या दमाची असते, दोन-चार खेपा मारते. संध्याकाळी दमते. "आणि होडीच्या दुखण्यांना," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला, "औषध असतं गो बाय. पुष्कळदा असतं!"

मग लिमयांना फोन. या खेपेला नाचबिच काही नाही. "डॉक्टर, आमची वजावट चुकली होती, चूक माझी. आता दुसरं नाव आहे. पण यंत्रावर विश्वास ठेवू नका, मुलीला संध्याकाळी तपासा."

"माझी ओपीडी सकाळची असते," डॉक्टर म्हणाले.

"मग मेल्या, संध्याकाळी ये ना!" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. मी कपाळावर हात मारला. पलीकडून डॉक्टर खो खो हसत म्हणाले, "येतो. माझी आई असंच बोलायची. आम्ही देवगडचे." झालं! पुढची दहा मिनिटं देवगड.

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलात गेलो तेव्हा मी ओवीला पहिल्यांदा पाहिलं. बाकावर बसलेली, दोन शेंड्या, आणि खरंच शहाण्या आजीसारखे अर्धे मिटलेले डोळे. मॅडम तिच्याशेजारी बसल्या. "तू कोणाची गो?"

"आईची."

"आणि?"

"बाबांची."

"आणि?"

ओवीने बराच विचार केला. "अजून माहीत नाही."

"मग शोधून सांग मला," मॅडम म्हणाल्या. "वर येतेस? वर मासे आहेत, काचेच्या पेटीत."

"मला जिना जमत नाही," ओवी म्हणाली. तक्रार नाही, काही नाही. आपण म्हणतो ना, मला कारलं आवडत नाही, तसं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

डॉक्टरांनी तिला वरच्या पंख्याकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापण्या खाली घसरायला लागल्या. डॉक्टर सायलीकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगत होतात. मी ऐकायला हवं होतं." मग मज्जातंतूला बारीक विजेचे झटके देऊन करायची तपासणी झाली. तिच्यातही तेच दिसलं, होडी खेपेगणिक थकत होती. लिमयांनी औषध सुरू केलं. काय औषध? दम्याच्या पोरांना पूर्वीपासून देतात ते साधं, जुनं! ते या दुखण्यातही चालतं. लगेच काही होणार नाही, आठवडे लागतील, कदाचित होणारही नाही, असं त्यांनी बजावलं.

ते आठवडे फार वाईट गेले. मॅडम तीन प्रश्न विचारायच्या बंद झाल्या होत्या. रिक्षात गप्प. एका नव्या क्लायंटने आपण सावंतवाडीचे असं आपणहून सांगितलं, तर या म्हणाल्या, "बरं." जिग्नेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "यार, बाई आजारी आहेत काय?" फक्त लिफ्टच्या प्रकरणाचा निकाल तेवढा लागला. वजावट दुरुस्त केल्यावर पहिलं नाव आलं खुद्द सेक्रेटरीच्या सासूबाईंचं. त्यांनी आढेवेढे न घेता कबूल केलं की जाळी ओढायला खांदा दुखतो. मॅडमनी हे आम्हाला सांगितलं तेसुद्धा न हसता.

आणि मग एका दुपारी सायलीचा व्हिडिओ आला. सोसायटीचा जिना. ओवी कठड्याला धरून एक पायरी चढते. थांबते. कॅमेऱ्याकडे बघते, डोळे टक्क उघडे. दुसरी चढते. मागून सायलीचा आवाज, "हळू, हळू, अगं हळू!" आणि ती कसली हळू जातेय!

मॅडमनी तो मोबाइल काचेच्या भिंतीला, बरोबर बंदरवाडीसमोर धरला, त्या चार घरांच्या जीनला दाखवायला. "बघितलंस मेल्या?" त्या म्हणाल्या, आणि भोकाड पसरलं. जिग्नेश नाचत होता, मी रडत होते, खालचा बटणवाला पुन्हा वर आला. या खेपेला त्यालाही खाजं मिळालं.

वर्षभराने मॅडम निवृत्त झाल्या आणि पोईपला राहायला जायचं ठरवलं. भाषणं नको, हारतुरे नको, मला जुहूला भेळ खायची आहे, आणि ओवीबरोबर. सायली ओवीला दुपारी ऑफिसात सोडून गेली, ती बँकेतून थेट जुहूला येणार होती. ओवीच्या पायात पोपटी बूट. कोणी आणून दिले ते सांगायला नको. काचेवरचं गाव तिने फडक्याने पुसू पाहिलं तेव्हा जिग्नेश तिच्यावर असा ओरडला, की मॅडमनाच त्याची समजूत घालावी लागली. ते गाव अजून तिथेच आहे.

आम्ही मेट्रोकडे निघालो. स्टेशनचा सरकता जिना नेहमीसारखा बंद. साधा जिना लांबलचक, वर बघितलं की मान दुखेल असा. जिग्नेश तिकिटं काढायला पुढे पळाला. मी खाज्याच्या दोन पिशव्या आणि मॅडमची निरोपाची शाल सांभाळत होते. ओवी टपाटपा वर निघाली, एकदाही कठड्याला हात न लावता. मी तिच्या बऱ्याच पायऱ्या मागे धापा टाकतेय. मागे वळून बघितलं तर मॅडम अर्ध्या जिन्यात बसकण मारून बसल्या होत्या. पदराने वारा घेत होत्या, आणि शेजारी दम खायला थांबलेल्या कुठल्याशा आजोबांना विचारत होत्या, "गाव खयचो तुमचो?" त्यांचा मला स्वच्छ दिसलेला तो शेवटचा चेहरा, घामाने डबडबलेला आणि अतिशय उत्सुक. पुढची सगळी संध्याकाळ मला धूसरच दिसली, कारण मी रडकी आहे.

वरच्या पायरीशी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी एवढीशी मुलगी एकटीच वर आलेली पाहिली आणि त्या खाली वाकल्या.

"अगं, एकटीच आलीस? कोणाची तू?"

ओवीने जराही विचार केला नाही. ती वळली आणि खाली, अर्ध्या जिन्यात दिसणाऱ्या दुसऱ्या पोपटी बुटांकडे तिने बोट दाखवलं.

"त्या आजीची," ती म्हणाली. "तिला ना, जिना जमत नाही."